नवरदेवाचं नवरदेवाशी जमलं

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं की ‘संगणकक्रांतीच्या पहिल्या दिवसांतले आव्हानात्मक अनुभव’ कळवा. क्रांती तंजावूरला उतरली तेव्हा मी बस स्टँडवर नव्हते, त्यामुळे तिचं तोंड मी पाहिलेलं नाही. मी पाहिले ते थर्माकोलमध्ये गुंडाळून आलेले कम्प्यूटर, आणि ते विकत घेऊन त्यांच्यावर मखमली झाकणं घालणारे लोक. त्या लोकांपैकी एकाची गोष्ट सांगते. क्रांती इतरांनी लिहावी.

मी तंजावूरची मराठी. आमच्या घरचं बोलणं ऐकलंत तर कुणीतरी बखर तमिळ चालीवर म्हणतंय असं तुम्हाला वाटेल. देवनागरी येते ती लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. या लेखात जे शुद्ध दिसेल ते संपादकांचं आहे.

नव्वदनंतर गावात एसटीडी बूथ उगवले, मग झेरॉक्स, मग कम्प्यूटर. मी एका कम्प्यूटर विकणाऱ्या दुकानात नोकरीला होते. मालक यंत्र विकायचे आणि विकलेलं यंत्र नीट चालवून देण्याचं काम माझं. मोपेडवरून गावभर फिरायचे. लॉरी ऑफिस, भातगिरणी, शाळा, दवाखाने. सगळे मला ‘कम्प्यूटर अक्का’ म्हणत. आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी माझं काम सगळ्यात जास्त, कारण आदल्या दिवशी प्रत्येकाने भक्तिभावाने चंदन उगाळून कम्प्यूटरला लावलेलं असायचं, आणि एका लॉरी ऑफिसात तर यंत्राला तोंड असतं ते हेच असं समजून फ्लॉपीच्या फटीत. मी कापसाने चंदन काढत होते तेव्हा तिथले लॉरीमालक शेजारी उभे राहून विचारत होते, कुंकू राहू दिलं तर चालेल का.

आता धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कम्प्यूटरमध्ये फाइल असते आणि डिरेक्टरी असते. फाइल म्हणजे लिहिलेला कागद. डिरेक्टरी म्हणजे असे कागद ठेवायचा खण. आजकाल तिला फोल्डर म्हणतात. दोघांनाही नाव असतं आणि नुसत्या नावावरून कागद कुठला, खण कुठला ते कळत नाही. प्रोग्रामला तुम्ही नाव दिलंत आणि म्हणालात ‘हे वाच’, तर तो बिचारा जाऊन ते उघडायला बघतो. ते नाव खणाचं निघालं तर यंत्र नकार देतं. त्या काळातलं यंत्र ‘अहो, हा खण आहे’ असं सरळ सांगतही नसे. ‘परवानगी नाही’ एवढंच म्हणे, तालुका कचेरीसारखं.

नकार मिळाल्यावर काय करायचं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधी ठरवून ठेवायचं असतं. सांगायचं, थांबायचं, दुसरं नाव विचारायचं. आमच्या कामातला निम्मा शहाणपणा यातच आहे. सगळं सुरळीत चालत असतानाचा प्रोग्राम कुणीही लिहितो. नकार आला तरी आल्यासारखं न दाखवता पुढे जायचं, हा प्रकार मात्र मी यंत्रांपेक्षा माणसांत जास्त पाहिला, आणि यंत्रं तो माणसांकडूनच शिकली.

वेंकटेसन यांचं दुकान जुन्या बस स्टँडजवळ होतं. आधी तिथे एसटीडी बूथ होता, मग झेरॉक्स. ती गर्दी ओसरल्यावर त्यांनी कम्प्यूटर घेऊन ‘कम्प्यूटर जातक’ सुरू केलं. जातक म्हणजे आपली पत्रिका. इकडे लग्न जमवताना मुलामुलीचे दहा पोरुत्तम पाहतात, म्हणजे दहा बाबतींत जुळतं का ते. हे काम पूर्वी पंचांग घेऊन बसणारे जोशी करायचे आणि त्याला एक सकाळ लागायची. वेंकटेसन दोन बोटांनी नाव, तारीख, वेळ टाइप करायचे आणि प्रिंटर करकरत कागद बाहेर टाकायचा. लोक तो कागद आधी डोळ्यांना लावायचे आणि नंतर वाचायचे.

प्रोग्राम मद्रासच्या एका माणसाने लिहिलेला होता. मूळचा बरा होता, असं मी म्हणेन. काही अडलं की पडद्यावर इंग्रजीत तसं सांगायचा. पण एकदा मुलीचे वडील समोर बसलेले असताना पडद्यावर ‘एरर’ हा शब्द उमटला आणि ते चपला घालून उठून गेले. वेंकटेसननी मद्रासला फोन करून सांगितलं की माझ्या यंत्रावर एरर दिसता कामा नये. त्या माणसाने शब्दशः ऐकलं. चुका तशाच ठेवल्या आणि त्यांची वाचा काढून घेतली. आमच्या दुकानात येऊन वेंकटेसन कौतुकाने सांगत होते, “आता बघा, एकही चूक येत नाही.”

पुढे त्यांनी ‘कुटुंब योजना’ काढली. साऱ्या घराची जातकं एकदम करून घेतली तर एक फुकट. अशा घराचे कागद एकत्र राहावेत म्हणून ते घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाचा खण करायचे आणि सगळ्यांच्या फाइली त्यात ठेवायचे. कल्पना चांगली होती. फक्त त्या काळी फाइलीच्या नावाला आठच इंग्रजी अक्षरं मिळत, म्हणजे जेमतेम एक नाव, आणि एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाची फाइलही वेंकटेसन नुसत्या नावानेच ठेवायचे. त्यामुळे कालव्याकाठच्या एका गावाहून सरस्वती अम्माळ नावाच्या जमीनदार बाई व्हॅन भरून नातवंडं घेऊन आल्या, त्या दिवशी त्या यंत्रात त्यांच्या नावाचा एक खण तयार झाला, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक सरस्वतीची वाट बंद झाली. हे कुणाला कळलं नाही, कारण सांगणाऱ्याची वाचा आधीच काढून घेतलेली होती.

आमची सरस्वती मराठीच. मी जिथे कम्प्यूटर बघायला जायचे त्या शाळेत गणित शिकवायची. वडील गोविंदराव पोस्टातून निवृत्त झालेले. मुलगी हुशार, बोलायला तिखट, दिसायला चांगली, आणि मूळ नक्षत्रावर जन्मलेली. मूळ नक्षत्राची सून आली की सासऱ्याच्या जिवाला धोका, असा इकडे पक्का समज. स्थळं यायची, सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, खाऊन जायची आणि नक्षत्र कळलं की निरोप यायचा. मध्यस्थांनी त्यावरही तोड काढली होती. ते वडील वारलेली मुलं शोधून आणायचे. ‘या घरात सासराच नाही, म्हणजे काळजीच नाही,’ असं हसून सांगायचे. सरस्वतीला त्या हसण्याचा फार राग यायचा. एकदा ती मला म्हणाली होती की माझ्यासाठी हे लोक पेपरातल्या निधनवार्ता वाचतात.

मग ओरत्तनाडूचं स्थळ आलं. मुलगा मनोहर, बँकेत. त्याचे वडील हणमंतराव तालुका कचेरीतून निवृत्त झालेले, तब्येतीला जपणारे, मराठीच. या वेळी मध्यस्थ म्हणाला की नक्षत्र आपण होऊन सांगायचं नाही, नुसती तारीख आणि वेळ द्यायची, त्यांचा कम्प्यूटर काढील ते काढील. गोविंदराव नकार ऐकून थकले होते. त्यांनी मान हलवली. हणमंतराव वेंकटेसनकडे गेले. मनोहरचं जातक तिथे आधीच केलेलं होतं. मुलीचं नाव, तारीख, वेळ टाइप झाली, प्रिंटर करकरला, आणि दहापैकी नऊ पोरुत्तम जमले. मुलीचं नक्षत्र रोहिणी.

गोविंदरावांच्या घरी आनंदीआनंद झाला. ज्या जोशांनी सरस्वतीचं जातक लिहिलं होतं ते केव्हाच वारले होते, त्यामुळे चूक त्यांची होती असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. निश्चय, म्हणजे साखरपुडा, झाला. साडी आली. आणि पुढच्या आठवड्यात सरस्वती शाळेच्या कम्प्यूटरच्या खोलीत मला गाठून तो छापील कागद पुढे ठेवून बसली.

“अक्का, माझा जन्म बदलला का?” ती म्हणाली.

मी म्हटलं की ज्योतिषातलं मला काही कळत नाही. ती म्हणाली तिलाही कळत नाही, पण दोन चौकोन सारखे आहेत की नाहीत एवढं कळतं. कागदावर मुलाची कुंडली एका बाजूला, मुलीची दुसऱ्या बाजूला. दोन्ही हुबेहूब एक. दोघांच्या वयात चांगलं अंतर होतं, आणि शनी काही इतकी वर्षं एकाच घरात बिऱ्हाड करून राहत नाही. कागद हणमंतरावांनी पाहिला होता, मध्यस्थाने पाहिला होता, साखरपुड्याला आलेल्या गुरुजींनी तर वाचून दाखवला होता. पण सगळ्यांनी पाहिलं ते तळाशी छापलेलं ‘उत्तमम्’.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी नसताना आम्ही दोघी वेंकटेसनकडे गेलो. मी सरस्वतीच्या नावाची फाइल उघडायला सांगितली. यंत्र म्हणालं, परवानगी नाही. मी यादी काढली, तर ते नाव खणाचं होतं आणि आत सरस्वती अम्माळची नातवंडं ओळीने बसलेली. मग सगळा उलगडा झाला. जुळवणी करताना प्रोग्राम आधी मुलाची फाइल वाचायचा आणि ते ग्रह डोक्यात ठेवायचा. मग मुलीची फाइल उघडायला जायचा. त्या नावाचा खण असल्यामुळे टाइप केलेली तिची माहिती जपलीच गेली नव्हती, आणि उघडायला गेल्यावर पुन्हा नकार मिळाला. नकाराबद्दल बोलायचं नाही अशी ताकीद असल्यामुळे तो गुपचूप परत आला, आणि डोक्यात जे ग्रह होते तेच मुलीचे समजून पुढे जुळवत बसला. ते ग्रह मनोहरचे होते. रोहिणीला समोरचंही रोहिणीच असलं तर चालतं, असा नियम आहे. म्हणजे मनोहरचं मनोहरशी दहापैकी नऊ बाबतींत उत्तम जमत होतं.

वेंकटेसन यांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी आधी दुकानाचं दार लोटून घेतलं. यंत्रात असे किती खण आहेत हे मी पाहू लागले तर रामन, लक्ष्मी, कृष्णन, सगळी नेहमीची नावं. त्यांतल्या बायकांच्या नावांच्या कितीतरी मुली त्या दुकानातून ‘उत्तमम्’ होऊन गेल्या असणार. गावात म्हणतच होते की वेंकटेसनकडे जमतंच. नवऱ्यामुलाला स्वतःशीच जुळवून पाहिल्यावर न जमायला काय झालं? बरेच संसार पुढेही त्याच तत्त्वावर चालतात, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

“यादी करून सगळ्यांना कळवायला हवं,” मी म्हणाले.

“कुणाची तक्रार आली?” त्यांनी मला शांतपणे विचारलं. “एक तरी जोडपं भांडत इथे आलं? जोशांच्या वेळी यायची, अक्का. माझ्याकडे एक नाही. आणि जमलेली लग्नं तुम्ही येऊन मोडणार?”

 मी तिथूनच मद्रासच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, एरर काढा असं सांगितलं होतं, काढल्या. परत हव्या असतील तर त्याचे वेगळे पैसे पडतील.

वेंकटेसन सरस्वतीकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले की अम्मा, तुझं तर भलंच झालं, तू कशाला काळजी करतेस. तिने खण वगळून, वेगळ्या नावाने, आपली तीच तारीख आणि वेळ पुन्हा टाकायला सांगितली. प्रिंटर करकरला. मूळ नक्षत्र. जमलेले पोरुत्तम तीन. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

घरी तिच्या आईने सांगितलं की हा कागद चुलीत घाल. गोविंदरावांचंही म्हणणं तेच होतं. सरस्वतीने मला नंतर सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता. तिचा या नक्षत्रांवर काडीचा विश्वास नव्हता. पण उद्या हणमंतरावांना साधा ताप आला तरी त्या घरात एकटी तीच जागी राहणार, कुणाला कळलं तर नाही ना म्हणून. तसं राहायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

रविवारी सरस्वती, तिला एकटं पाठवायचं नाही म्हणून गोविंदराव, आणि मी बसने ओरत्तनाडूला गेलो. यंत्राबद्दल सांगायला मी. हणमंतरावांनी डबऱ्यातून, म्हणजे पेल्याखाली पसरट वाटी ठेवून, कॉफी दिली, कारण होणाऱ्या व्याह्यांना दुसरं काय देणार. मनोहर खुर्चीत बसला होता. मी खण आणि कागद यांची गोष्ट जमेल तितकी सोपी करून सांगितली. हणमंतराव सरकारी माणूस. खण, कागद आणि परवानगी नाकारणं हे तिन्ही त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मधेच त्यांनी हात छातीशी नेला आणि खिशातली गोळी चाचपून पाहिली. मग सरस्वतीने पर्समधला कागद काढून टीपॉयवर ठेवला.

त्यांनी तो उचललाच नाही. नजर पंख्याकडे वळवली. नातेवाइकांना कळवून झालं होतं. मंडप सांगून झाला होता. दहापैकी नऊ जमल्याचं ते आपल्या जुन्या कचेरीत साऱ्यांना सांगून आले होते. मी नकाराची तयारी करून बसले होते, आणि त्यांनी सगळ्यांना आश्चर्याचा धक्का दिला.

“पहिला कागद आमच्याकडे आहे,” ते म्हणाले. “कम्प्यूटरने छापलेला. त्यात रोहिणी आहे. आम्ही तोच धरून चालू. हा दुसरा कागद आम्ही पाहिला नाही, तुम्ही आणला नाही.”

गोविंदरावांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. वेडेपणावर दुसरा वेडेपणा ठेवून माणसाचं भलं होत असेल तर मी आडवी येणारी कोण?

सरस्वती मात्र हलली नाही. सासऱ्याला मामा म्हणायच्या इकडच्या रीतीने ती म्हणाली, “मामा, मी मूळ नक्षत्राची आहे. तसं तोंडाने म्हणून मला घरात घेत असाल तर येते.”

“म्हणायची गरज काय?”

“आज गरज नाही. तुमचं डोकं दुखेल त्या दिवशी लागेल.”

 तेवढे चार शब्द हणमंतरावांना म्हणता आले नाहीत. भीती खरी होती, त्याबद्दल मी त्यांना हसत नाही. सरस्वतीने मग मनोहरकडे पाहिलं. वाट पाहिली असं म्हणते, कारण ती बरीच पाहिली. तो कॉफीचा रिकामा पेला डबऱ्यात फिरवत होता. त्याने वडिलांकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग पुन्हा पेल्याकडे. ती उठली.

मनोहर आम्हाला बसपर्यंत सोडायला आला. वाईट मुलगा नव्हता.  बस वळणावर दिसली तेव्हा तो हसून मला म्हणाला की माझं माझ्याशी इतकं जमतं हे मला माहीतच नव्हतं.

“मला मघाशी दिसलं,” सरस्वती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

परतीच्या वाटेवर ती खिडकीशी बसून रडली. गोविंदराव तिच्याशी काही दिवस बोलत नव्हते, आईने जास्त दिवस. शाळेतही कुजबुज झाली की जमलेलं लग्न हिने हट्टाने मोडलं. मला दुकानात मालकांनी सांगितलं की आपलं काम यंत्र विकण्याचं आहे, गिऱ्हाइकांची लग्नं तपासण्याचं नाही.

तरी मी एक लहानसा प्रोग्राम लिहून वेंकटेसनच्या यंत्रात घातलाच. कुठलंही नाव उघडण्याआधी तो बघायचा की हे खणाचं तर नाही ना, आणि तसं असेल तर पडद्यावर तमिळमध्ये सांगायचा की या नावाचं जातक मिळालं नाही, दुसरं नाव द्या. कारागिरी म्हणून मला त्याचा अजून अभिमान आहे. वेंकटेसननी तो काही दिवस ठेवला. लग्नं पूर्वीसारखी जमेनात, गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊ लागली, तेव्हा त्यांनी तो काढून टाकला. पुढे त्यांनी जातक बंद करून इंटरनेटचं दुकान टाकलं आणि बंगला बांधला. ज्या घरांना कळवायचं होतं त्यांना कुणी कळवलं नाही. वेंकटेसन यादी द्यायला तयार नव्हते, आणि दिली असती तरी एखाद्या दाराशी उभं राहून मी नेमकं काय म्हटलं असतं, कोण जाणे.

मनोहरचं लग्न त्याच वर्षी झालं. सगळं रीतसर जुळवून, जोशांकडे.

सरस्वतीने काही वर्षांनी शाळेतल्याच भौतिकशास्त्राच्या मास्तरांशी लग्न केलं. ते तमिळ. घरची भातशेती, तिरुवैयारूच्या पलीकडे कालव्यावर गाव, वडील हयात. ठरवण्याआधी ती एकटी त्या म्हाताऱ्यांना जाऊन भेटली आणि आपलं नक्षत्र सांगितलं. ते माडाखाली बसून पंपाचा वॉशर बदलत होते. मान वर न करता ते म्हणाले की मला साखर आहे, रक्तदाब आहे, आणि दोन भाऊ माझ्याशी कोर्टात भांडताहेत. तुझ्या नक्षत्राला रांगेत उभं राहावं लागेल.

गेल्या पोंगलला मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. सरस्वती आता निवृत्त झाली आहे आणि म्हातारे फार म्हातारे झाले आहेत. त्यांच्या पानात भात कमी, सांबारात मीठ नाही, आणि गोड पोंगल नुसता दाखवण्यापुरता. ती ताक आणायला आत गेली तेव्हा त्यांनी माझ्या पानातल्या लोणच्याकडे पाहिलं आणि हळूच माझ्याकडे तक्रार केली.

“काय सांगू, अम्मा,” ते म्हणाले. “ही मुलगी मला मरू देत नाही.”